कारागृह राज्याचे, कायदे केंद्राचे: जबाबदारी नेमकी कोणाची?

पारसिकवासी (कळवा)

नमस्कार. कळवा आणि ठाणे पूर्व भागातील आम्ही काही निवृत्त शिक्षिका आणि गृहिणी मिळून कारागृहात असलेल्या माणसांच्या नातेवाइकांना अर्ज लिहून देणे, मुलाखतीची वेळ नोंदवून देणे, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवणे अशी कामे करतो. हे करताना एक अडचण वारंवार समोर येते. कोणती मागणी कोणाकडे करायची, हेच कळत नाही.

मुलाखतीसाठी आलेल्या बायका, त्यांची लहान मुले आणि म्हातारे आईवडील उन्हापावसात फाटकाबाहेर ताटकळत उभे असतात. तिथे बसायला सावली, प्यायचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे, एवढीच मागणी आम्ही दिल्लीतील एका मंत्रालयाकडे पाठवली होती. बऱ्याच काळाने उत्तर आले की कारागृहे हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे, सबब आपला अर्ज राज्य शासनाकडे वर्ग करण्यात येत आहे. इकडे राज्याच्या एका कार्यालयात चौकशी केली, तर बांधकामासाठी केंद्राच्या निधीची वाट पाहत आहोत, असे सांगण्यात आले.

कारागृह जर खरोखर राज्याचे असेल, तर ज्या १८९४ च्या कायद्याचा उल्लेख प्रत्येक कागदावर असतो तो साऱ्या देशाला एकच कसा? माणसाला आत पाठवणारे आणि जामीन देणारे कायदे दिल्लीत होतात. एनआयए, सीबीआय, ईडी या केंद्राच्या यंत्रणा ज्यांना अटक करतात तेही शेवटी तळोजाला किंवा ठाण्यालाच येतात. मग त्या बंद्यांची जबाबदारी कोणाची? आणि ही विभागणी बदलावी असा प्रयत्न कधी झाला आहे का? ज्यांना कायद्याची किंवा प्रत्यक्ष कारभाराची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे, म्हणजे पुढचे पत्र लिहिताना आम्हाला कोणीही टोलवू शकणार नाही.

चरईकर

ताई, तुमचे काम मोलाचे आहे. मी ठाणे न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. जरा विस्ताराने लिहितो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची (जिच्यातील विषयांवर संसद आणि राज्य विधिमंडळ दोघेही कायदे करू शकतात) अशा तीन सूच्या आहेत. राज्य सूचीची पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची, दुसरी पोलिसांची आणि चौथी कारागृहांची आहे. या चौथ्या नोंदीत कारागृहे, सुधारगृहे, बोर्स्टल संस्था (तरुण गुन्हेगारांना सुधारण्यासाठीच्या) आणि त्यांत ठेवलेल्या व्यक्ती हे सगळे येते. शिवाय एका राज्याने दुसऱ्या राज्याची कारागृहे वापरण्याबाबत करायची व्यवस्थाही येते. ही वाटणी घटनाकारांनी नव्याने शोधलेली नव्हती. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही कारागृहे प्रांतांकडेच होती आणि घटनेने ती मांडणी पुढे चालवली. त्यामुळे इमारत कुठे बांधायची, किती कर्मचारी नेमायचे, बंद्यांना जेवण काय द्यायचे, त्यांच्या कामाचे वेतन किती ठेवायचे, मुलाखती किती द्यायच्या, हे सगळे ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा आहे. तो गृह विभागामार्फत आणि पुण्यातील कारागृह मुख्यालयामार्फत वापरला जातो. सिद्धदोष बंद्यांना मिळणारी संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे ज्यांना आपण फर्लो आणि पॅरोल म्हणतो त्या, राज्याच्याच १९५९ च्या नियमांखाली येतात. ठाणे किंवा तळोजा कारागृहाच्या नावातील ‘मध्यवर्ती’ हा शब्द फक्त कारागृहाचा वर्ग सांगतो, त्याचा केंद्र सरकारशी संबंध नाही.

आता १८९४ च्या कारागृह अधिनियमाविषयी. तो गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने केला, तेव्हा प्रांतांना स्वतःची अशी सूची नव्हती. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३७२ व्या अनुच्छेदाने जुने कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत, चालू ठेवले. कारागृहांच्या बाबतीत ते सक्षम विधिमंडळ राज्याचे आहे. म्हणून हा कायदा देशभर एक दिसतो, पण त्याची कलमे उघडून पाहिली तर जागोजागी अधिकार ‘राज्य शासना’ला दिलेले आढळतात: कारागृह कशाला म्हणावे, जागा कोणी पुरवावी, महानिरीक्षक कोणी नेमावा, नियम कोणी करावेत. याच अधिकारात आपल्याकडे १९७९ ची महाराष्ट्र कारागृह नियमावली आली. १८९४ चा कायदा कालबाह्य झाला आहे हे ओळखून केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये आदर्श कारागृह आणि सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा तयार करून सर्व राज्यांना पाठवला. तो संसदेत मांडून संमत करण्याचा अधिकार केंद्राला नव्हता, म्हणून तो आदर्श नमुना म्हणूनच द्यावा लागला. तो घेणे, न घेणे किंवा बदलून घेणे राज्याच्या हाती राहिले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२४ च्या अखेरीस नागपूर अधिवेशनात आपले स्वतंत्र विधेयक संमत केले.

ही झाली भिंतीच्या आतली बाजू. पण भिंतीच्या आत कोण येणार आणि किती काळ राहणार, हे ठरवणारे विषय समवर्ती सूचीत आहेत. फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया, सुव्यवस्थेसाठी केलेली प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि बंद्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवणे, हे सगळे तिथे येते आणि या विषयांवर संसदेचा कायदा वरचढ ठरतो. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, अमली पदार्थविरोधी कायदा, मनी लाँडरिंगविरोधी कायदा, यूएपीए म्हणजे बेकायदा कारवायाविरोधी कायदा, हे सगळे संसदेचे कायदे आहेत. यांपैकी काहींमध्ये जामिनाच्या अटी इतक्या कडक आहेत की आरोपी दोषी ठरण्यापूर्वीच वर्षानुवर्षे आत राहतो. संसद एखाद्या गुन्ह्याचा जामीन अवघड करते तेव्हा त्याचा भार राज्याच्या बराकीवर पडतो, आणि त्या कायद्यासोबत बराकीसाठी पैसे येत नाहीत. मला विचाराल तर या साऱ्या विभागणीतले खरे दुखणे हेच आहे.

एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील १,३३० कारागृहांची मिळून क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०, म्हणजे क्षमतेच्या १३१ टक्क्यांहून अधिक. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते, ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नव्हता. राज्याने कितीही बराकी बांधल्या तरी हे प्रमाण बराकी बांधून कमी होणार नाही. ते कमी होण्याच्या किल्ल्या संसदेच्या कायद्यात आणि न्यायालयांच्या हातात आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने एक किल्ली दिलीही आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळानंतर, सोडण्याची तरतूद त्यात आहे. देहदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही नाही. या तरतुदीसाठी न्यायालयाला लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. केंद्राचा कायदा, राज्याचा अधिकारी आणि जिल्ह्याचे न्यायालय असे तिन्ही धागे या एकाच कलमात गुंतलेले आहेत.

खारघर सेक्टर ३५

चरईकर, माहितीपूर्ण उत्तराबद्दल आभार. तळोजा कारागृह आमच्या वस्तीपासून फार लांब नाही. मोठ्या प्रकरणांतील आरोपींना तिथे ठेवल्याच्या बातम्या आम्ही नेहमी वाचतो आणि त्यांतील अनेक प्रकरणे केंद्रीय यंत्रणांची असतात. अशा बंद्यांचा खर्च केंद्र राज्याला देते का? आणि अमेरिकेत संघराज्याची स्वतंत्र कारागृहे असतात, तशी भारतात एकही नाही, हे खरे आहे का?

चरईकर

सामान्य नागरिकांसाठी राज्यांमध्ये केंद्राने चालवलेले कारागृह नाही, हे खरे आहे. एनआयए किंवा सीबीआय आरोपीला अटक करते तेव्हा न्यायालय सुरुवातीचे काही दिवस त्याला चौकशीसाठी यंत्रणेच्या कोठडीत देते. ती मुदत संपली आणि न्यायालयीन कोठडी सुरू झाली की तो राज्याच्या कारागृहाचा बंदी होतो. तिथून पुढे त्याचे जेवण, औषधोपचार, पहारा आणि त्याच्या जिवाची जबाबदारी राज्यावर येते, मग गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो. यंत्रणा खटला चालवते, अधीक्षक माणसाला सांभाळतो.

अपवाद थोडे आहेत. लष्कराची स्वतःची बंदीगृहे असतात आणि ती संरक्षणाच्या विषयात येतात. शिक्षा भोगून झाल्यावर मायदेशी पाठवण्याची वाट पाहणारा परदेशी नागरिक हा ‘बंदी’ राहत नाही. परदेशी नागरिकांचा विषय संघ सूचीतला आहे आणि त्याची कामे केंद्राने राज्यांकडे सोपवलेली आहेत. चंदीगड किंवा अंदमानसारख्या केंद्रशासित प्रदेशांत तेथील प्रशासनच केंद्राचे असल्यामुळे कारागृहेही अर्थातच केंद्राच्या हाताखाली येतात.

दिल्लीचे उदाहरण मात्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. घटनेच्या २३९ कक अनुच्छेदाने दिल्लीच्या विधानसभेला राज्य सूचीतील सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय दिलेले नाहीत. कारागृहांची चौथी नोंद मात्र वगळलेली नाही. त्यामुळे दिल्लीचे पोलीस केंद्राच्या ताब्यात आणि तिहार कारागृह दिल्ली सरकारच्या खात्याखाली, अशी स्थिती आहे. दिल्लीने २००० साली स्वतःचा कारागृह कायदाही केला. देशाच्या राजधानीत, केंद्राच्या पोलिसांनी पकडलेल्या माणसांसाठीसुद्धा कारागृह स्थानिक सरकारचे असते, यावरून ही चौथी नोंद किती पक्की आहे ते लक्षात येईल.

खरी ओढाताण शिक्षेत सूट देताना दिसते. राजीव गांधी हत्या प्रकरणातील दोषींना सोडण्याचा निर्णय तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केला आणि केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. खटल्याचा तपास सीबीआयने केला होता. अशा वेळी राज्याने केंद्राशी ‘विचारविनिमय’ करावा, असे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत म्हटले होते. घटनापीठाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितले की हा विचारविनिमय म्हणजे संमतीच समजावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७७ मध्ये आता स्पष्टपणे संमतीचीच अट आली आहे. म्हणजे बंदी राज्याच्या कारागृहात असला तरी तपास केंद्रीय यंत्रणेचा असेल, तर त्याची शिक्षा कमी करताना राज्याला केंद्राची संमती घ्यावी लागते.

आपल्या राज्याशी संबंधित दुसरे उदाहरण बिल्किस बानो प्रकरणाचे, म्हणजे २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या खटल्याचे. गुन्हा गुजरातेत घडला, खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला हलवला आणि शिक्षा २००८ मध्ये मुंबईत झाली. पुढे दोषी गुजरातच्या कारागृहात होते आणि गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना शिक्षेत सूट देऊन सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण ज्या राज्यात शिक्षा सुनावली गेली तेच, म्हणजे महाराष्ट्र, या निर्णयासाठी सक्षम सरकार होते. कारागृह कोणाचे यापेक्षा निकाल कुठे लागला हे तिथे निर्णायक ठरले.

वाशीचा प्राध्यापक

मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे चर्चेत थोडी इतर संघराज्यांची भर घालतो. खारघरच्या सदस्यांनी अमेरिकेचा उल्लेख केला म्हणून तिथूनच सुरुवात करणे बरे.

अमेरिकेतही सुरुवातीला संघ सरकारची स्वतःची मोठी कारागृहे नव्हती. संघराज्याच्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना राज्यांच्या कारागृहांत ठेवले जाई, म्हणजे आज भारतात आहे तसेच. १८९१ मध्ये तेथील काँग्रेसने तीन संघीय कारागृहांना मंजुरी देणारा कायदा केला आणि १९३० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र संघीय विभाग उभा राहिला. त्यामुळे आज तिथे संघाची, राज्यांची आणि काउंटींची अशी तीन स्तरांची व्यवस्था आहे. कायदा ज्याचा त्याचे कारागृह, असे हे तत्त्व आहे.

कॅनडाने वेगळाच निकष लावला. तिथे फौजदारी कायदा सगळा संघाचाच आहे, पण कारागृहांची वाटणी शिक्षेच्या लांबीवरून होते. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली तर संघाचे कारागृह, त्याहून कमी असेल तर प्रांताचे. १८६७ च्या घटना कायद्यातच दोन्ही प्रकारच्या संस्था दोन सूच्यांत वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत. खटला चालू असलेले न्यायाधीन बंदीही प्रांतांकडेच राहतात. त्यामुळे लांब शिक्षेचा, म्हणजे शिक्षण आणि पुनर्वसन यांना खरोखर वाव असणारा बंदी संघाकडे जातो आणि सतत ये-जा असणाऱ्या माणसांचा धबडगा प्रांतांकडे राहतो. ही व्यवस्था नीट पाहिली तर भारतासाठी ती फारशी उपयोगी नाही असे मला वाटते, कारण आपली गर्दी मुख्यतः न्यायाधीन बंद्यांचीच आहे आणि कॅनडाच्या पद्धतीने ती सगळी राज्याच्याच माथी राहील.

आपल्याला सर्वांत जवळचे आहे ते ऑस्ट्रेलिया. तिथे संघाची स्वतंत्र कारागृहे नाहीत. घटनेच्या १२० व्या कलमानेच प्रत्येक राज्यावर हे बंधन घातले आहे की संघराज्याच्या कायद्याखाली आरोपी किंवा दोषी ठरलेल्या व्यक्तींना आपल्या कारागृहांत ठेवून घ्यावे. भारतात जे चौथ्या नोंदीमुळे आपोआप घडते, ते तिथे स्वतंत्र कलमात लिहून ठेवले आहे. त्या कलमाचा एक फायदा असा की राज्ये हा भार संघाच्या वतीने उचलत आहेत, हे घटनेतच मान्य झालेले आहे. आपल्याकडे ही कबुली कुठेच लिहिलेली नाही.

जर्मनीचा प्रवास उलट दिशेने झाला. कारागृहे चालवणे तिथे राज्यांकडेच होते, पण शिक्षा कशी भोगली जावी याचा कायदा १९७७ पासून संघाचा होता. २००६ च्या घटनादुरुस्तीने तो अधिकारही राज्यांना दिला. अनेक अभ्यासकांनी त्या वेळी भीती व्यक्त केली होती की राज्ये खर्च वाचवण्याच्या स्पर्धेत उतरतील आणि बंद्यांचे हक्क कमी होतील. राज्यांनी पुढे आपापले कायदे केले, तरी संघाच्या जुन्या कायद्याचा सांगाडा त्यांत बराचसा टिकून राहिला.

हे सगळे मांडण्यामागे माझे एक मत आहे. कारागृहे राज्यांकडे असण्यात गैर काही नाही. बंद्याचे घर, त्याची भाषा, त्याचा खटला आणि सुटल्यावरचे त्याचे आयुष्य हे सगळे राज्यातच असते. गैर आहे ते हे की माणसाला किमान किती जागा, किती पाणी, किती प्रकाश आणि किती वैद्यकीय मदत मिळालीच पाहिजे, याची बंधनकारक राष्ट्रीय पातळी नाही. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने १९८३ च्या अहवालात हेच ओळखून कारागृहे समवर्ती सूचीत आणावीत, अशी शिफारस केली होती. तिला चाळीस वर्षे उलटून गेली आणि चौथी नोंद होती तिथेच आहे. २००३ ची आणि नंतर २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली केंद्राने तयार केली, ती चांगली आहे, पण आदर्शाला बंधन नसते.

नेरूळ, निवृत्त

प्राध्यापक महोदयांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. माझी सारी नोकरी कारागृह विभागात गेली, त्यामुळे हे आतून पाहिलेले लिहितो.

समवर्ती सूचीत नोंद हलवल्याने बराकीबाहेर पहाऱ्याला एक शिपाई वाढत नाही. कारागृहाचा मुख्य खर्च पगाराचा आहे आणि शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी यांची पदे राज्याने मंजूर करायची आणि राज्यानेच भरायची असतात. केंद्राचा पैसा येतो तो बहुतेक वेळा वस्तूंसाठी. २०२१ ते २०२६ या काळासाठीची कारागृह आधुनिकीकरण योजना ९५० कोटींची, तीही सर्व राज्यांत मिळून आणि मुख्यतः सुरक्षा उपकरणांसाठी. यंत्र येते, ते चालवायला माणूस राज्याने द्यायचा असतो. त्याआधी २००२-०३ पासून राबवलेल्या योजनेत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के होता आणि त्यातून देशभर नवी कारागृहे, जादा बराकी आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने उभी राहिली. बांधकामाला खरा हातभार लावणारी योजना तीच. तशा योजनेसाठी घटना बदलावी लागत नाही, इच्छा आणि तरतूद लागते.

दुसरे असे की लोकांना वाटते कारागृह म्हणजे एक खाते. प्रत्यक्षात अधीक्षकाच्या हातात फार थोडे असते आणि तो राज्याच्याच इतर खात्यांवर अवलंबून असतो. इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. वैद्यकीय अधिकारी सार्वजनिक आरोग्य विभागाकडून येतात. बंद्याला न्यायालयात नेणारी कैदी पार्टी पोलीस दलाची असते. सण, निवडणूक किंवा मोर्चाचा बंदोबस्त लागला की पार्टी मिळत नाही, बंद्याची तारीख चुकते, जामिनाची सुनावणी पुढे जाते आणि माणूस आणखी काही आठवडे आत राहतो. ठाण्याचे न्यायालय कारागृहापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरीही पोलिसांविना बंदी फाटकाबाहेर पडू शकत नाही. दूरदृश्य प्रणालीमुळे हा त्रास बराच कमी झाला, पण साक्षीपुराव्याच्या वेळी आरोपी न्यायालयात समोर असणे वेगळे आणि पडद्यावर असणे वेगळे. या अडचणींत केंद्र कुठेही नाही. गृह, आरोग्य आणि बांधकाम ही राज्याचीच खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांचे मूळ आहे.

केंद्राने केलेल्या कामाचे श्रेयही दिले पाहिजे. बंद्यांची संगणकीकृत नोंद आणि ई-मुलाखतीची सोय देणारी ई-प्रिझन्स प्रणाली केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली आणि ती राज्यांनी स्वीकारली. गरीब बंद्यांसाठी २०२३ मध्ये सुरू केलेली योजनाही केंद्राच्याच पैशाची आहे. न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत जिल्हा समितीने मंजूर करावी, अशी मर्यादा तेव्हा ठरवून दिली होती. जामीन मिळूनही रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. अशा माणसासाठी ही योजना म्हणजे सुटका आहे, आणि ती पोहोचवायची जबाबदारी पुन्हा जिल्ह्यावरच आहे. पारसिकवासी ताईंच्या गटाने या योजनेची माहिती नातेवाइकांना जरूर द्यावी.

वाशीचा प्राध्यापक

निवृत्त अधिकाऱ्यांचा मनुष्यबळाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही किमान पातळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. जातीवरून कामे वाटून देणाऱ्या तरतुदी काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत अगदी अलीकडेपर्यंत होत्या. झाडलोट आणि शौचालय सफाई कोणत्या जातीच्या बंद्याने करायची आणि स्वयंपाक कोणत्या जातीच्या, हे चक्क छापलेले होते. घटना लागू होऊन सात दशके झाली तरी त्या त्या राज्याने ते काढले नाही, आणि राज्याचा विषय म्हणून दुसरे कोणी ते काढूही शकले नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, सर्व राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्याचा आदेश दिला आणि केंद्रालाही आपल्या आदर्श नियमावलीत व आदर्श अधिनियमात आवश्यक बदल करायला सांगितले. म्हणजे आज राष्ट्रीय पातळी ठरवण्याचे काम न्यायालय करत आहे. प्रत्येक वेळी कोणा पत्रकाराने शोध घ्यावा, याचिका करावी आणि मग निकाल यावा, ही पद्धत फार मंद आहे आणि तिची किंमत आतली माणसे मोजतात. घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तर संसद त्यांच्यासाठी कायदा करू शकते आणि इतर राज्ये मागाहून तो स्वीकारू शकतात. सूची न बदलता किमान पातळीचा कायदा होण्याचा हा मार्ग उघडा आहे.

पारसिकवासी (कळवा)

सर्वांचे मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट झाले आहे. गरीब बंद्यांच्या योजनेची माहिती आम्ही मराठीत आणि हिंदीत छापून वाटणार आहोत. एक शेवटची विनंती: नातेवाइकांच्या निवाऱ्याचे पत्र आता नेमके कोणाच्या नावाने लिहावे?

चरईकर

ताई, पत्र संबंधित कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे लिहा आणि त्याच्या प्रती पुण्यातील कारागृह मुख्यालयाला, मंत्रालयातील गृह विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे काम बांधकाम विभागाकडून होणार असल्यामुळे एक प्रत त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांनाही जाऊ द्या. जागा फाटकाबाहेरची असेल तर ती कारागृहाची आहे की महापालिकेची, हे आधी माहिती अधिकारात विचारून घ्या. अर्ज कारागृहाच्या राज्य जनमाहिती अधिकाऱ्याकडे करायचा, केंद्राच्या पोर्टलवर नाही. महापालिकेची जागा निघाली तर स्वच्छतागृह आणि पाण्याची मागणी थेट पालिकेकडे करता येईल आणि तो रस्ता बहुधा लवकर सुटेल. तक्रार नोंदवायची झाल्यास राज्याच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर नोंदवा, म्हणजे ती दिल्लीहून फिरून येणार नाही.

प्रत्येक कारागृहासाठी अभ्यागत मंडळ असते, त्यात न्यायाधीश आणि शासकीय अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय सदस्यही असतात, आणि बंद्यांच्या सोयीसुविधांवर त्यांचा शेरा नोंदवला जातो. तुमच्या पत्राची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत जिल्हा न्यायाधीशांपर्यंत गेली तर मंडळाच्या भेटीच्या वेळी हा विषय निघू शकेल. केंद्राच्या निधीची वाट पाहत असल्याचे उत्तर पुन्हा मिळाले, तर कोणत्या योजनेखाली, कोणत्या तारखेला आणि किती रकमेचा प्रस्ताव पाठवला आहे, ते माहिती अधिकारातच विचारा. असा प्रस्ताव खरोखर गेला असेल तर त्याची प्रत मिळेल आणि तिच्या आधारे आपल्या खासदारांना संसदेत प्रश्न विचारायला सांगता येईल. गेलाच नसेल, तर तेही लेखी हातात येईल. पत्राचा मसुदा इथे टाकलात तर मी कायद्याच्या बाजूने वाचून देईन.